वरसाव्याला निघालेला साप

हाटकेश, मीरा रोड
८ सप्टेंबर २०२४

चि. भूषणला ताईचा जयभीम. वि. वि.

पत्रास कारण की तुमच्या केंद्रातल्या मॅडम म्हणाल्या, दारू सोडवायला आलेल्या पेशंटला फोन मिळत नाही, पत्र चालतं. मी म्हणलं माझी शाळा चौथीपर्यंत, मी काय पत्र लिहिणार. त्या म्हणाल्या जसं बोलता तसं लिहा. तर बोलते. चुकलं तर हसू नको. हसलास तरी चालेल म्हणा.

तू बरा आहेस का ते विचारत नाही. माझं नाव काढलं तरी तुझं डोकं फिरत असेल, ते बरोबरच आहे. पण डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं की असंच चाललं तर हा माणूस दिवाळी बघायचा नाही. तुला किती वेळा सांगितलं केंद्रात जा, तू रोज उद्यावर ढकललंस. मग मला एकच रस्ता दिसला. कुठं साप निघाला असा फोन आला की तू एक थेंब न घेता निघतोस, हे सगळ्या हाटकेशला माहीत आहे. म्हणून मी फोन केला की वरसाव्याला पुलाच्या अलीकडे, ओढ्यापाशी साप निघालाय, लोक काठ्या घेऊन उभे आहेत. तू साप धरायची पिशवी आणि आकडा घेऊन धावत आलास. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. वाकून एकेक दगड बाजूला करत होतास आणि मला विचारत होतास, कुठं गेला ताई. मी बोट दाखवलं. तिकडे, त्या मोठ्या दगडामागं म्हणलं. तू तिकडे वळलास आणि मागून केंद्राच्या माणसांनी तुला धरलं.

तुला तिथं घातलं त्याचं मला काही वाटत नाही. परत वेळ आली तर परत घालीन. पण ते बोट माझ्या डोळ्यापुढून जात नाही. भाकरी थापताना दिसतं, लादी पुसताना दिसतं.

दुसरी गोष्ट. गाडीचं दार लावताना तू ओरडत होतास, माळ्यावर बघ, माळ्यावर बघ. मला वाटलं बाटली लपवली असशील. घरी येऊन तशीच माळ्यावर चढले, म्हणलं फोडूनच टाकते. तर निळा डबा, झाकणाला भोकं, आत कागदावर साप. बोटाएवढा जाड, पाठीवर दोन पिवळट पट्टे आणि त्यातल्या एकावर मधोमध जखम. शिडीवरून मी कशी उतरले ते मला आठवत नाही. तुझे भावजी त्या दिवसापासून गॅलरीत झोपतात.

म्हणजे तू त्याच्यासाठी ओरडत होतास आणि मी तुला शिव्या घालत होते.

तुझा साप धरणारा जोडीदार पराग येऊन बघून गेला. म्हणाला नानेटी आहे, विष नसतं, वनखात्याला भूषणनं कळवून ठेवलंय, बरी झाली की सोडायची. त्याच्याकडे ने म्हणलं तर त्याच्या बायकोला, नेहाला, आत्ताच बाळ झालंय, सासू सापाला दारात उभं करायची नाही. तेव्हा राहिली माझ्या गळ्यात. काय खायला घालू, काय करू ते लवकर कळव. मरायला नको माझ्या घरात.

कळावे. राग असू दे, पण त्याच्या शेजारी थोडा लोभही बसू दे.

तुझी ताई
सुचेता


१३ सप्टेंबर

ती. ताईस, जयभीम.

हे पत्र तुला नाही, नानेटीसाठी आहे. तुला लिहावंसं वाटेल तेव्हा तुला लिहीन.

ती मादी आहे. वरसाव्याच्याच एका बंगल्यात गवत कापायच्या मशीनखाली सापडली. म्हणून तर तुझा फोन आला तेव्हा मला वाटलं, तिथं अजून एक असणार आणि ती मारलीच जाणार. बटणं बघायला वेळ कुणाला होता.

आता नीट वाच. डब्यात वर्तमानपत्र घालायचं, रोज बदलायचं. एका कोपऱ्यात फुटक्या कुंडीचा तुकडा ठेव, तिला लपायला लागतं. पसरट वाटीत पाणी. बिटाडीन पाण्यात घालून कोऱ्या चहासारखं फिकं कर, कापसानं जखमेला टिपकं लाव, मग लगेच डबा बंद. हळद नाही, खोबरेल तेल नाही, तुझी अक्कल नाही. खायला जिवंत गप्पी मासे वाटीत सोडायचे. बागेतल्या हौदात मलेरियावाल्यांनी सोडलेले असतात, माळीबाबाला माझं नाव सांग. बाकी हात लावायचा नाही, आणि टीव्ही बघितल्यासारखं समोर बसून राहायचं नाही. डबा एकदम स्वच्छ ठेव. घाण राहिली की जखम चिघळते.

एवढं केलंस तर ती जगेल. ती जगायला पाहिजे. इथं हात थरथरायला लागले की मी डोळे मिटून तिची जखम बघतो, आज किती भरली असेल. दुसरं काही धरून बसायला इथं नाही. इथून सुटलो की मी माझ्या हातानं तिला सोडणार आहे, हे मी मॅडमना पण सांगून ठेवलंय.

भावजींना सांग, ती पण त्यांना घाबरून एका कोपऱ्यात बसली असेल.

बुद्धभूषण
(लोभाचं नंतर बघू.)


हाटकेश
१८ सप्टेंबर

चि. भूषणला जयभीम. वि. वि.

पत्र मिळालं. मला नाही म्हणून लिहिलंस, पण पाकिटावर नाव माझंच होतं, म्हणून मीच वाचलं.

बागेत गेले. माळीबाबाला म्हणलं मछली चाहिये, वो छोटीवाली. तो म्हणाला बाई, घर में मच्छर है क्या. मी म्हणलं नही, साप है. तर दोन पावलं मागं सरकला, मग तुझं नाव सांगितलं तेव्हा हसला आणि चाळणी बुडवून काढून दिले. दुधाच्या पिशवीत पाणी घालून मासे घेऊन रिक्षात बसले. शेजारची गुजराती बाई विचारत होती माशांचा वाटा केवढ्याला घेतला. तिला काय सांगणार.

तर तुझी नानेटी जेवली. आधी बराच वेळ नुसती जीभ काढून बसली, मग मान वाकडी केली आणि एक मासा असा उचलला की मला कळलंच नाही. तू बसू नको म्हणलास तरी बसले होते. माशाचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ती जेवली तेव्हा माझ्याच पोटात घास पडल्यासारखं झालं. तुझ्यापुढं ताट ठेवून किती दिवस बसले होते मी, तू जेवत नव्हतास, ते आठवलं. हे भावजी तुझे आता गॅलरीतून दारापर्यंत आलेत. तिथून विचारतात, झोपली का.

जखमेला सांगितलंस तसं फिक्कं औषध लावते. आणि स्वच्छतेचं मला शिकवू नको. किती वर्षं झाली मी दवाखान्यात साफसफाई करते, आजपर्यंत सिस्टरनं माझ्या लादीला बोट लावून नाव ठेवलेलं नाही. ऑपरेशनच्या खोलीसारखा डबा ठेवलाय. रोज फिनेलनं पुसते, पाणी नुसतं नावाला घालते. सगळा माळाही पुसून काढलाय. शिडी चढलं की दवाखान्यात आल्यासारखं वाटतं. पेशंटची सेवा मला येते. तुझी जमली नाही, तेवढं सोड.

तुझ्या हातून सोडायची आहे ना, मग तुझ्या हातात धडधाकट देईन. हे लिहून ठेव.

पोटभर जेवत जा. लोभाचं नंतर बघायचं असेल तर बघ, मला घाई नाही.

ताई


२२ सप्टेंबर

ताई,

फिनेल बंद. आत्ताच्या आत्ता. हे पत्र खाली ठेव आणि आधी तिला त्या डब्यातून बाहेर काढ. दुसरा डबा घे, साध्या पाण्यानं धुतलेला. तिला कोमट साध्या पाण्यात घाल. माळ्यावरून खाली आण, हवेशीर जागी ठेव. फिनेलच्या वासानं साप मरतो. लोक साप मारायला कोपऱ्यात ओततात ते, आणि तू रोज तिच्या अंगाखाली पुसत होतीस.

तुझं पत्र अठराचं. आज मिळालं. माझं तुझ्याकडे पोचेपर्यंत काय उरणार आहे. फोन मागितला, नाही म्हणाले, नियम आहे. मग नियम त्यांच्याजवळ राहू दे. येत्या रविवारी भेटीला लोक येतात तेव्हा फाटक उघडं असतं. मी निघणार आहे.

आधी सापाच्या नावानं मला फसवलंस. आता सापालाच संपवलंस.

बुद्धभूषण


हाटकेश
२५ सप्टेंबर

चि. भूषणला जयभीम.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. उद्या तिकडे येऊन फाटकावर मॅडमच्या हातात देऊन जाईन. भेटीचा वार नाही म्हणून तुला भेटू देणार नाहीत, पण रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला पाहिजे.

तुझं पत्र यायच्या आधीच झालं होतं ते. सकाळी झाकण उघडलं तर ती उताणी वाटली, पोटाकडचा पांढरा भाग वर. काडी लावली तर हलेना. मी परागला फोन केला. तो बाळाला तसंच टाकून आला, माळ्यावर चढला आणि शिडीवरच थांबला. म्हणाला हा वास कसला. मी सांगितलं. भूषण, तो ओरडला असता तर मी दोन शिव्या दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. तो गप्प बसून तिला कोमट पाण्यात धुवत होता, आणि मी चिमणीसारखी बाजूला उभी. जाताना एवढंच म्हणाला की माणसाला वास सहन झाला नाही तर माणूस उठून बाहेर जातो, तिला झाकण होतं.

त्या झाकणाचंच डोक्यात बसलंय. चांगलं करायला जाते आणि आधी झाकण लावते. तुलाही लावलं.

आता खाली गॅलरीत आहे, साध्या डब्यात. तिथं भावजी झोपतात तिच्या शेजारी, त्यांना आता भीती वाटत नाही, किंवा मला बघून ते बोलत नाहीत. दोन दिवसांनी थोडी हलायला लागली. पण जेवत नाही. आणि कालपासून डोळे गेले. निळसर पांढरे झालेत, आपल्या आईला मोतीबिंदू झाला होता तसे. अंगाचा रंगही उडालाय, पट्टे धुरकट दिसतात. फिनेलनं आंधळी झाली. मी आंधळी केली. हे परागला सांगितलेलं नाही. त्याचं ते गप्प बसणं मला परत सोसायचं नाही.

रविवारी विहारात वंदनेला गेले. पहिलंच शील, जीवहत्या करणार नाही, ते म्हणताना तोंड उघडेना. चौथ्यापर्यंत आले, खोटं बोलणार नाही, तिथं वरसाव्याचा ओढा आठवला. पाचवं दारूचं, ते तुझं. एका घरात दोघांनी मिळून पाचातली तीन मोडली. बाकीच्या दोनांवर आपण कसे राहिलो कुणास ठाऊक.

भावजी म्हणाले, त्याला लिही नानेटी ठणठणीत आहे, म्हणजे पोरगा तिथं थांबेल. मी लिहायला बसलेही. पण नाही लिहवलं. एकदा साप आहे म्हणून खोटं बोलले. आता साप बरा आहे म्हणून खोटं बोलणार नाही. बरा नाही. आंधळा आहे, उपाशी आहे, आणि तो माझ्यामुळं आहे.

यायचं तर ये. दार उघडंच असतं, कोपऱ्यावरचं दुकानही उघडंच असतं. तिला बघशील, मग खाली उतरशील, मग तुझं काय होणार ते तुलाही माहीत आणि मलाही. म्हणजे दोन जीव जातील माझ्या हातून. मला जे काय ऐकवायचं ते पत्रातून ऐकव, लिहून लिहून बोटं झिजव, सगळं वाचीन. पण फाटकातून बाहेर पडू नको.

लोभ मागायला तोंड नाही. जेवत जा.

सुचेता


३० सप्टेंबर

ती. ताईस सप्रेम जयभीम. वि. वि.

रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन फाटकापर्यंत गेलो होतो. मॅडम तिथंच खुर्ची टाकून बसल्या होत्या. अडवलं नाही. म्हणाल्या, बहीण येऊन हे देऊन गेली, मुद्दाम आजसाठी ठेवलं होतं, वाचून जा. बाकड्यावर बसून वाचलं.

ती ठणठणीत आहे असं तू लिहिलं असतंस तर मी त्याच पावली निघालो असतो, कारण तुझ्या चांगल्या बातमीवर आता माझा विश्वास नाही. वाईट लिहिलंस म्हणून खरं वाटलं. आणि डोळ्यांचं वाचलं तेव्हा मी एकटाच हसायला लागलो. फाटकावरचा माणूस बघायला लागला, त्याला वाटलं ह्याचं डोकं गेलं.

ताई, ती आंधळी नाही. कात टाकायच्या आधी सापाचे डोळे असेच पांढरे होतात, रंगही असाच उडतो, जेवतही नाही. जखम झालेला साप लवकर कात टाकतो. म्हणजे तिला अजून जगायचंय. आता डब्यात एक ओलं फडकं पिळून ठेव आणि एखादा खरखरीत दगड ठेव, अंग घासायला. कात निघताना ओढून मदत करायला जाऊ नको. तुला राहवणार नाही, म्हणून आधीच सांगतो. कितीही अर्धवट अडकलेली दिसली तरी हात मागं बांधून बस. आणि परागला सांग. तो गप्प बसतो कारण तोही घाबरतो.

फिनेलचं एकट्या तुझं नाही. सगळी जिंदगी फिनेलमध्ये हात घातलेल्या बाईला मी एकदम स्वच्छ ठेव म्हणून लिहिलं आणि साध्या पाण्यानं हे दोन शब्द लिहिले नाहीत. ते माझं.

ओढ्याचं मात्र मी विसरलेलो नाही. तू बोट दाखवलंस तिकडे मी खरंच बघत होतो. अजून झोपेत तो दगड उचलतो आणि खाली काही नसतं. माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि आता आपण खोटं लिहायचं नाही असं तूच ठरवलंयस.

मी पिशवी परत आत नेऊन ठेवली आहे. कोर्स पुरा करतो.

भावजींना साष्टांग, बाईमाणसाच्या शेजारी झोपतात म्हणून.

लोभ आहे. किती ते विचारू नको.

भूषण


हाटकेश
२७ ऑक्टोबर

चि. भूषणला ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

कात निघाली ते मागं कळवलंच होतं. अर्धी कुंडीच्या तुकड्याला अडकली होती तेव्हा मी भावजींना सांगून माझे हात खरंच ओढणीनं बांधून घेतले. तू म्हणशील नाटकी आहे. पण मला माझी माहिती आहे. डोळे काळेभोर निघाले तिचे. आधी मी तिला बघायची, आता ती मला बघते.

जखमेच्या जागेवर नवीन खवले धरायचे राहिले होते म्हणून पराग थांबा म्हणाला. परवा तो वनखात्याच्या माणसाला घेऊन आला. दोघांनी बघितलं, सोडायला हरकत नाही म्हणाले. जखमेच्या जागी पट्टा थोडा तुटलेला राहणार, तो काही जुळायचा नाही. मी विचारलं त्याचं तिला काही होईल का. पराग म्हणाला काही नाही, ओळखू येईल एवढंच. चांगला पोरगा आहे. आता बोलतो. बाळाला घेऊन आला होता, सासूला न सांगता.

दवाखान्यात लादी पुसताना फिनेलची बाटली उघडली की हात थांबतो. सिस्टरनं विचारलं काय झालं, मी म्हणलं काही नाही. तिला काय सांगणार, सगळ्यांनाच उठून बाहेर जाता येत नाही म्हणून.

मॅडमचा फोन आला होता. पुढच्या रविवारी तुला सोडणार. डॉक्टर म्हणाले होते दिवाळी बघायचा नाही, आणि तू दिवाळी बघून येतोयस. मी मॅडमना म्हणलं तुम्ही बोलवा, मी येते. भावजी नको, पराग नको. मी एकटी येणार. परागनं त्याची कापडी पिशवी दिली आहे, तोंड कसं बांधायचं ते शिकवलं. पिशवी मी मांडीवर घेऊन बसणार. घरी जायच्या आधी वरसाव्याला जायचं, तोच ओढा. वनखात्याचा माणूस आणि पराग तिथं उभे असतील. ती तिथलीच आहे, तिथंच सोडायला पाहिजे म्हणाले. मला दुसरी जागा चालली असती. पण मग म्हणलं नको, तीच असू दे.

मी ठरवलेली गाडी तुला फाटकाबाहेर दिसेल. मला बघून तुला ती दुसरी गाडी आठवेल, ते मला माहीत आहे. तेव्हा मी म्हणते म्हणून बसू नको. पिशवीत साप आहे असं मी म्हणीन, त्यावर जाऊ नको. आधी पिशवीला हात लाव. आत ती हलली, तुझ्या हाताला लागली, तरच गाडीत बस.

तोपर्यंत मी दार उघडं धरून उभी राहीन.

तुझी ताई
सुचेता